ॲपमधे कोणाला काय करू द्यायचं? परमिशनचा घोळ कसा टाळायचा

समजा कोथरूडातल्या एखाद्या सोसायटीसाठी ॲप बनवताय, मेंटेनन्सची बिलं, पावत्या, गेटवरच्या नोंदी वगैरे. बरेच जण युजर टेबलात 'ॲडमिन आहे का' असा एक कॉलम टाकतात आणि पुढे सरकतात. दोनच प्रकारची माणसं असतील तर खुशाल करा. पण इथे सेक्रेटरी वेगळा, खजिनदार वेगळा, वॉचमन, भाडेकरू, वर्षातून एकदा उगवणारा ऑडिटर, म्हणजे तो कॉलम पुरणारच नाही.

कोड उघडायच्या आधी एक्सेलमधे तक्ता काढा, एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला कामं, आणि प्रत्येक रकान्यात 'हो' की 'नाही'. खजिनदाराने पावती बनवायची हे ठीक, पण रद्दही त्यानेच करायची का? हे तुम्ही ठरवू नका, कमिटीला विचारा. उत्तर लगेच येणार नाही, यावर वेगळी मीटिंग लागेल, त्यात पार्किंगचा विषय निघेल, असो.

मग रोल बनवा, म्हणजे एका पदाच्या सगळ्या परवानग्यांचा एक गठ्ठा. यालाच आरबॅक (RBAC, रोल-बेस्ड ॲक्सेस कंट्रोल) म्हणतात, 1992 मधे अमेरिकेतल्या निस्ट (NIST) या सरकारी मानक संस्थेच्या फेरायोलो आणि कुन यांनी त्याचा पेपर लिहिला आणि माझ्या मते अजूनही बहुतेक ॲपचं त्यावर आरामात भागतं. कमिटी बदलली की जुन्याचा रोल काढायचा, नव्याला द्यायचा, झालं. फक्त कोडमधे 'हा खजिनदार आहे का' असं विचारू नका, 'याला पावती रद्द करता येते का' असं विचारा, कारण उद्या सहखजिनदारालाही ते द्यायचं ठरलं तर डेटाबेसमधे एक ओळ वाढेल, नाहीतर बसा सगळ्या फायली चाळत. आणि रोल नुसता युजरला चिकटवू नका, सोबत सोसायटीही हवी, एकच माणूस कोथरूडला मालक आणि बाणेरला भाडेकरू असतो की.

आता खरी गोम. सभासदाला बिल बघता येतं, बरोबर, पण कोणाचं? लिंकमधे 302 च्या जागी 303 टाकलं आणि शेजाऱ्याची थकबाकी दिसली तर सगळे रोल पाण्यात. ओवास्प (OWASP) ही वेब सुरक्षेवर काम करणारी संस्था, तिच्या सगळ्यात मोठ्या धोक्यांच्या टॉप टेन यादीत ॲक्सेस कंट्रोलचे, म्हणजे कोणाला काय करू द्यायचं याचे, घोटाळे 2017 ला पाचवे होते, 2021 ला थेट पहिले. बटण लपवून काही होत नाही, सर्व्हरवरच तपासा आणि फ्लॅटची अट क्वेरीतच घाला. पोस्टग्रेस या डेटाबेसमधे 9.5 व्हर्जनपासून रो लेव्हल सिक्युरिटी आहे, म्हणजे कोणाला कुठल्या ओळी दिसाव्यात याची पॉलिसी डेटाबेसमधेच लिहायची, ती छानच, पण ज्या डेटाबेस युजरने टेबल बनवलं त्याला ती आपोआप लागू होत नाही, आणि ॲप नेमकं त्याच युजरने कनेक्ट करत असेल तर पॉलिसी लिहूनही सगळं उघडंच.

रोलची नावं 'बी विंगचा सेक्रेटरी पण फक्त बघणारा' अशी व्हायला लागली की समजा, आता अटी वेगळ्या लिहायची वेळ आली. रक्कम, तारीख, विंग बघून ठरवायचं ते ॲबॅक (ABAC, ॲट्रिब्यूट-बेस्ड ॲक्सेस कंट्रोल). आधी साधं एक फंक्शन लिहा, सगळे निर्णय तिथेच, फारच वाढलं तर कॅसबिन किंवा ओपन पॉलिसी एजंट ही परमिशनचे नियम वेगळे लिहायची तयार टूल्स बघा. गूगलने 2019 मधे झांझिबारचा, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या परमिशन सिस्टीमचा, पेपर काढल्यापासून टीममधल्या कोणाला तरी तेच हवं असतं. ड्राइव्हसारखं फोल्डरात फोल्डर, हा त्याला शेअर, तो तिला शेअर, असं असेल तर झांझिबारच्याच धर्तीवरचं ओपनएफजीए किंवा स्पाइसडीबी घ्या, सोसायटीच्या ॲपला नको हो!

रोल टोकनमधे, म्हणजे लॉगिन झाल्यावर युजरला मिळणाऱ्या डिजिटल पासमधे, भरून ठेवत असाल तर जरा जपून, इकडे रोल काढला तरी जुनं टोकन संपेपर्यंत तो माणूस आतच. एवढ्याशा ॲपला दर रिक्वेस्टला डेटाबेस विचारला तरी काही बिघडत नाही. ऑडिटरच्या रोलला शेवटची तारीख टाकायची सोय पहिल्यापासून ठेवा, नंतर काढू म्हटलं की ते कोणी काढत नाही. आणि टेस्ट लिहाल तेव्हा तक्त्यातल्या 'नाही'वाल्या रकान्यांच्या टेस्ट सगळ्यात आधी लिहा, 'हो'वाले बिघडले तर लोक स्वतःच फोन करतात.