रोखा घेण्याआधी तो विकला जाईल का, हे कसं पाहायचं

मार्चचा शेवटचा आठवडा होता. मी नोकरीला होते त्या सहकारी बँकेला रोकड हवी होती आणि माझ्याकडे विकायला एक जुना सरकारी रोखा, म्हणजे सरकारने घेतलेल्या कर्जाचा कागद, होता. पडद्यावर भाव दिसत होता, पण तो सहा दिवसांपूर्वीच्या सौद्याचा. दुपारपर्यंत फोन फिरवले तेव्हा कुठे एक गिऱ्हाईक मिळालं, तेही भाव पाडून. तेव्हापासून मी वही ठेवते.

आता रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट या सोयीतून कुणीही दहा हजारांपासून रोखे घेऊ शकतं, म्हणून ती वही कशी ठेवायची ते सांगते.

तीन रोखे निवडा: सध्याचा दहा वर्षांचा बेंचमार्क (बाजार ज्याच्याकडे बघून चालतो तो रोखा), त्याच्या आधीचा आणि एक बराच जुना. रोख्यांचे सौदे पुरे करून देणाऱ्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या संकेतस्थळावर एनडीएस-ओएमचे, म्हणजे सरकारी रोख्यांच्या इलेक्ट्रॉनिक बाजारातले, सौदे दिसतात. घेणाऱ्याचा सर्वांत चांगला भाव, विकणाऱ्याचा सर्वांत चांगला भाव, दोन्हीकडची रक्कम, दिवसभरातले सौदे आणि शेवटचा सौदा कधी झाला, एवढं लिहा. सकाळी एकदा, चारच्या सुमारास एकदा. निदान तीन महिने.

दोन भावांतलं अंतर रुपयांत मांडायची सवय लावा. भाव शंभर रुपयांच्या दर्शनी किमतीमागे (रोख्यावर छापलेल्या रकमेमागे) असतो, म्हणून दहा लाखांच्या दर्शनी किमतीवर दोन पैशांचं अंतर म्हणजे २०० रुपये, साठ पैशांचं म्हणजे ६,०००. रकमेचा रकाना मात्र गाळू नका. भाव चांगला दिसतो आणि त्या भावाला माल थोडाच असतो, असं पुष्कळदा होतं.

वहीत खरी गंमत दिसते ती बेंचमार्क बदलतो तेव्हा. एप्रिल २०२४ मध्ये ७.१० टक्के २०३४ आला, म्हणजे ७.१० टक्के व्याजाचा आणि २०३४ मध्ये मुदत संपणारा रोखा. ऑक्टोबरमध्ये ६.७९ टक्के २०३४ आला, मग मे २०२५ मध्ये ६.३३ टक्के २०३५. सरकार तोच रोखा पुन्हा पुन्हा लिलावात काढतं, तशी त्याची बाजारातली रक्कम वाढत जाते आणि व्यवहारही वाढतात. नवा बेंचमार्क रुळला की डीलर तिकडे वळतात. जुन्याची रक्कम एका रुपयानेही कमी झालेली नसते, पण तो हळूहळू विमा कंपन्या आणि निर्वाह निधींच्या कपाटात जातो आणि मुदत संपेपर्यंत तिथेच राहतो. म्हणून केवळ ‘मोठा इश्यू आहे’ एवढ्यावर विसंबू नका.

रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाची सकाळ आणि शुक्रवारच्या लिलावाचा दिवस वहीत वेगळ्या शाईने लिहा. धोरण जाहीर होण्याआधी मागे घेतलेल्या ऑर्डरी पाहून रोखाच मेला असं वाटतं, तासाभरात तो पुन्हा हलू लागतो. मार्चअखेरची नोंदही सरासरीत मिसळू नका.

माझ्या भाचीला २०३० मध्ये घरासाठी पैसे लागणार आहेत. तिला मी त्याच वर्षी मुदत संपणारा रोखा घ्यायला लावला, जुना असला तरी. तिला तो विकायचाच नाही.