अंधारबन एका दिवसात: कोकणातून निघून कोकणातच उतरायचं कसं

ताम्हिणी घाटाजवळच्या अंधारबन या जंगलातल्या ट्रेकची जी काही माहिती मिळते ती बहुतेक पुण्याहून निघणाऱ्यांसाठी लिहिलेली असते, पहाटे बसमध्ये बसा, बस घाटावर पिंपरी गावाला सोडेल, संध्याकाळी खाली भिरा गावातून उचलेल. आपल्याला अलिबाग, रोहा, माणगाव, महाडकडून जायचं तर हे सगळं उलटं पडतं, कारण ट्रेक सुरू होतो घाटावर पुणे जिल्ह्यात आणि संपतो खाली आपल्या रायगडात. त्यामुळे सगळ्यात आधी गाडीचा विचार करा, बुटांचा नंतर.

माझं म्हणणं असं की गाडी भिऱ्यातच ठेवायची. कोलाडकडून येणाऱ्यांनी सुतारवाडीवरून विळे, माणगावकडून येणाऱ्यांनी निजामपूरवरून विळे आणि तिथून पाटणूसवरून भिरा. गावात कुणालातरी विचारून अंगणात गाडी लावा, त्यांना जे काय द्यायचं ते मोकळ्या मनाने द्या, आणि आदल्या दिवशीच फोनवर ठरवलेली जीप घेऊन ताम्हिणी घाटाने वर जा. घाट चढून गेल्यावर निवे गावापाशी लोणावळ्याकडे जाणारा फाटा लागतो, त्या रस्त्याने पिंपरी. मॅपवर टाकताना मुळशीतली पिंपरी टाका, चिंचवडच्या शेजारची नको. असं केलं की सकाळी ताजेतवाने असताना पैसे मोजायचे आणि संध्याकाळी पाय बोलायला लागलेले असताना आपली गाडी, कोरडे कपडे, चप्पल सगळं समोर हजर. पिंपरीला गाडी ठेवली तर संध्याकाळी पुन्हा घाट चढायला जीप शोधत बसावी लागते आणि तेव्हा तुम्ही सांगाल तो भाव नसतो. रेल्वेने यायचं तर कोलाड किंवा माणगाव स्टेशन, पुढचं वाहन मात्र आधी ठरवलेलंच पाहिजे, एसटीच्या भरवशावर हा ट्रेक बसवू नका.

आता कधी जायचं. लोकांना जुलैचं वेड असतं, आणि मी प्रत्येकाला सांगतो की जुलै सोडा. ताम्हिणीचा पाऊस म्हणजे काय ते आकड्यात बघा, २०२४ च्या जुलैमध्ये इथे २४ तासांत ५०० मिलीमीटरच्या वर पाऊस पडला होता. समुद्रावरून आलेले ढग थेट या कड्यांना धडकतात आणि इथेच रिकामे होतात, म्हणून तर एवढं जंगल आहे, पण त्या दिवसांत ओढे ओलांडणं म्हणजे जिवाशी खेळ. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबर, हा काळ सगळ्यात उत्तम. धबधब्यांना पाणी असतं, सोनकी-तेरडा फुललेला असतो, धुकं येतं-जातं त्यामुळे दरीपण दिसते. डिसेंबर-जानेवारीही छान, फक्त पाणी कमी. फेब्रुवारीनंतर अंजनीला खोडाफांद्यांवरच निळ्याजांभळ्या फुलांचे झुबके लागतात, ते बघण्यासारखं असतं, पण खालचा उतार उन्हात भाजतो. भिऱ्यात २०१७ च्या मार्चमध्ये ४६.५ अंश तापमानाची नोंद झाली होती, त्यावरून काय ते समजा.

परवानगीचं नीट ऐका. ही वाट सुधागड अभयारण्यातून जाते, वनखात्याचं शुल्क भरून पावती घ्यावी लागते. आणि पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश निघतात, तेव्हा दोन्ही जिल्ह्यांचे बघायचे, कारण सुरुवात पुण्यात आणि शेवट रायगडात. एकीकडे चालू आणि दुसरीकडे बंद असं असू शकतं. बंद असेल तर जाऊच नका, गुपचूप दुसऱ्या वाटेने घुसणारे अडकले की त्यांना शोधायला याच गावातली पोरं रात्री टॉर्च घेऊन जंगलात उतरतात.

सामानात फार नाचू नका. एकूण १३-१४ किलोमीटर, आरामात सहा-सात तास. पाणी प्रत्येकी तीन लिटर, ओढ्याचं पाणी वरून स्वच्छ दिसलं तरी वर गुरं असतात. बूट ग्रिपवाले, आणि जुने पण सोल शाबूत असलेले, नवा कोरा जोड या ट्रेकला पहिल्यांदा घालू नका, उतारावर अंगठ्याची नखं काळीनिळी होतात. छत्री नको, रेनकोट किंवा पाँचो. हेडटॉर्च घ्याच, अगदी सकाळी निघणार असलात तरी. मीठ एका पुडीत, जळवांसाठी. काठी एक. खायला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, नाहीतर घावणे, दुपारपर्यंत मऊ राहतात, आणि बाटलीत कोकमाचं आगळ घालून मीठ-साखरेचं सरबत, उन्हातून उतरताना त्याच्यासारखं काही नाही. ग्रुप सहा ते आठचा बरा. पिंपरीतून गाईड घ्या, वाट बऱ्यापैकी मळलेली आहे पण धुक्यात ढोरवाटा फसवतात, आणि गाईडदादा सोबत असला की शेकरूचं घरटंही दिसतं जे आपल्याला कधीच दिसलं नसतं.

सात-साडेसातला पिंपरीहून पाय उचला. सुरुवात तलावाच्या कडेने, सपाट, बोलत बोलत जाण्यासारखी. मग ओढे सुरू होतात आणि खरा निर्णय पहिल्या मोठ्या ओढ्यालाच घ्यायचा. पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा तळ दिसत नसेल एवढं गढूळ असेल तर तिथूनच परत फिरा, कारण पुढे अजून ओढे आहेत आणि मधेच पाऊस वाढला तर पुढचाही बंद आणि मागचाही बंद. ओलांडताना सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडून ठेवा म्हणजे पाय सरकला तर सॅक टाकून देता येते, तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे रोवून, एक पाय पक्का बसल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. तपकिरी चकचकीत कातळ दिसला तर त्यावर पाय नको, ते शेवाळ ओलं असताना साबणाहून वाईट, त्यापेक्षा पाण्याखालच्या खडबडीत गोट्यांत पाय टाकलेला बरा. दोरी असेल तर ती धरायला, अंगाला बांधायची नाही, बांधलेला माणूस पडला तर पाण्याखाली दाबला जातो. आणि पाण्याकडे लक्ष असू दे, एकदम रंग बदलला, पालापाचोळा काड्या वाहून यायला लागल्या, आवाज जड झाला, की वर कुठेतरी जोराचा पाऊस झालाय, दहा मिनिटांत पाणी चढू शकतं. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी.

ओढ्यापलीकडे जंगल अंगावर येतं. नावाप्रमाणे अंधार आहे हो, भर दुपारी मोबाईलचा फोटो हलतो इतका. जांभूळ, अंजनी, हिरडा, आंबा, पिसा अशी झाडं एकमेकांत गुंतून वर छप्पर करतात. याला निमसदाहरित जंगल म्हणतात, म्हणजे काही झाडं पानं गाळतात पण एकाच वेळी नाही, त्यामुळे जंगल कधी उघडं पडत नाही. इथे घाई करू नका. पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून बघा, स्पीकर तर आणूच नका, ही माझी हात जोडून विनंती. वर कुठेतरी खडखडल्यासारखा आवाज आला तर मान वर करा, तो शेकरू असतो, आपला राज्यप्राणी, विटकरी पाठ आणि लांब झुपकेदार शेपूट, एका झाडावरून दुसऱ्यावर झेप घेताना दिसला तर दिवस सार्थकी लागला. पावसाळ्यात ओढ्याकाठी शीळ ऐकू येते, अगदी माणसाने मजेत घातल्यासारखी, तो शीळकरी कस्तुर. फांद्यांना, दगडांना हात लावायच्या आधी बघून घ्या, हिरवा चापडा हा विषारी साप पानांत बसलेला सहज लक्षात येत नाही. तो अंगावर येत नाही, आपणच त्याच्यावर हात टाकतो. चावलाच तर कापाकापी नाही, आवळून बांधणं नाही, माणसाला शांत बसवा, हात-पाय हलू देऊ नका आणि दवाखान्याकडे न्यायची सोय बघा. ११२ आणि वनखात्याचा १९२६ हे नंबर सेव्ह करून ठेवा, रेंज मात्र जंगलात बहुतेक नसते, उघड्यावर आलं की मिळते.

मधूनमधून जंगल फाटतं आणि एकदम पायाखाली दरी. कुंडलिका नदीची ही दरी बघायलाच खरं तर एवढं चालायचं. समोरचे कडे बघा, एकावर एक थर रचलेले दिसतील, ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. काही कठीण काही ठिसूळ, पाण्याने ठिसूळ थर खाल्ला की वरचा तुटून पडतो, म्हणून कडा सरळसोट राहतो आणि मधल्या पट्ट्यावर जंगलाचा पदर तयार होतो. कड्यावर वाऱ्याचा जोर असला की पलीकडच्या धबधब्याचं पाणी खाली न पडता तुषार होऊन उलटं वर येतं. बघा, भरपूर बघा, पण काठापासून दोन माणसांच्या लांबीएवढं अंतर ठेवा. काठावरचं गवत कड्याच्या बाहेर लोंबतं, तिथे खाली दगड आहे असं वाटतं आणि नसतो. अगदी वाकून बघायचंच असेल तर आधी सॅक काढा, पोटावर झोपून बघा आणि मागून कुणीतरी पाय धरू दे. सेल्फी मागे सरकत सरकत काढणाऱ्याला ग्रुप लीडरने स्पष्ट ओरडायचं, वाईट वाटलं तरी चालेल.

जंगल संपून माळ लागला की हिर्डी जवळ आली. बारापर्यंत इथे पोचायला हवं. छोटं गाव, महादेवाचं देऊळ, सावली. आधी सांगून ठेवलं तर एखाद्या मावशींकडे पिठलं-भाकरी मिळते, सोबत ठेचा, घासाघीस न करता पैसे द्या, इथे गॅस सिलेंडरसुद्धा डोक्यावरून आणायचा असतो. जेवून पसरायचा मोह होतो पण एकच्या आत उठा. बारा काय, दीड-दोन वाजता पोचला असाल तर गाईडशी बोला आणि बसणं आवरतं घ्या, कारण ट्रेक अजून संपलेला नाही. लोकांना वाटतं जंगल झालं, दरी झाली, आता काय फक्त उतरायचंय, आणि इथेच गणित चुकतं.

हिर्डी ते भिरा हा उतार या अख्ख्या दिवसाचा खरा भाग आहे. दिवसभरात पाचशे मीटरच्या वर खाली यायचं असतं आणि त्यातला बहुतेक भाग या शेवटच्या टप्प्यात आहे. दोन ते अडीच तास, पावसात तीन. वाट सोंडेवरून दगडगोट्यांतून उतरते, ओलं असेल तर निसरडं, सुकं असेल तर घसारा, दोन्हीकडून त्रासच. निघायच्या आधी बुटांच्या नाड्या घोट्यापाशी घट्ट करा म्हणजे पंजा पुढे सरकत नाही. पावलं छोटी टाका, गुडघे किंचित वाकलेले, टाच ठोकत उतरू नका, पूर्ण तळवा टेकवा. जिथे फार तीव्र आहे तिथे सरळ न उतरता तिरकं, नागमोडी उतरा. बाजूला कारवीची झुडपं दाट असतात आणि हात आपोआप तिच्याकडे जातो, पण वाळलेली कारवी टचकन मोडते, त्यापेक्षा खाली बसून हात दगडावर टेकवा, बसून उतरण्यात काही कमीपणा नाही. दोघांत चार-पाच पावलांचं अंतर, एकाच्या पायाने सुटलेला दगड दुसऱ्याच्या डोक्यात बसायला नको, दगड सुटला तर मोठ्याने ओरडायचं. सगळ्यात हळू चालणारा पुढे ठेवा आणि अनुभवी माणूस सगळ्यात मागे, पुढे ठेवला की हळू चालणाऱ्यावर पळायचं प्रेशर येत नाही आणि सगळे एकत्र खाली येतात. दर अर्ध्या तासाने दोन मिनिटं थांबून दोन घोट सरबत. मांड्या थरथरायला लागल्या तर तो इशारा समजा, बसा, पाणी प्या, मग उठा, बहुतेक पाय मुरगळतात ते शेवटच्या अर्ध्या तासात, गाव समोर दिसायला लागल्यावर.

खाली भिऱ्याच्या धरणाचं पाणी दिसतं. अंग तापलेलं असतं आणि उडी मारावीशी वाटते, मारू नका, काठ चिखलाचा आणि एकदम खोल. भिऱ्याचं वीजकेंद्र टाटांचं, १९२७ पासूनचं, आणि त्याला येणारं पाणी मुळशी धरणाचं, ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह केला. खरं तर ते पाणी भीमेतून पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे गेलं असतं, बोगद्यांतून आणि पाइपांतून इकडे खाली आणलं, वीज झाली की ते कुंडलिकेत सोडतात, कोलाडचं राफ्टिंग त्याच्यावर चालतं आणि शेवटी रेवदंडा-कोर्लईच्या मधून समुद्राला मिळतं. म्हणून वीजकेंद्राच्या खालच्या नदीपात्रातही पाय बुडवत बसायचं नाही, पाणी कधी सोडतील ते आपल्याला माहीत नसतं. हातपाय धुवायचे तर गावातल्या नळावर विचारून धुवा. देवकुंड धबधबा इथून जवळ आहे, पण त्याच दिवशी तेही उरकून घेऊ असं ठरवू नका, त्याला वेगळा दिवस द्या.

गाडीत बसायच्या आधी मोजे काढून पायाची बोटं, घोटे, गुडघ्यामागची बाजू तपासा. जळू चिकटलेली असेल तर ओढून काढायची नाही, तोंडाच्या बाजूने नखाने सरकवा किंवा मीठ लावा, रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरायचं कारण नाही, धुवून पट्टी लावा. पावसाळ्याच्या शेवटी गेला असाल आणि पायाला जखम असताना भाताच्या चिखलातून चालला असाल तर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना आवर्जून सांगा की मी चिखलपाण्यातून चाललोय, म्हणजे ते लेप्टोची, म्हणजे चिखलपाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची तपासणी आधी करतील.