घरी योग करायचाय, आणि मग सोसायटीत चार जणांना शिकवायचाय? हे असं करा

पुण्यात योग शिकायला जागा कमी नाहीत. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली सहा महिन्यांसाठी म्हणून इथे शिकवायला आले ते कायमचे इथलेच झाले, मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था १९७५ पासून चालू आहे, लोणावळ्याचं कैवल्यधाम तर १९२४ चं. तरी हिंजवडीहून रात्री आठला घरी येणाऱ्या माणसाला क्लासची वेळ जमत नाही ती नाहीच. म्हणून हे घरी सुरुवात करणाऱ्यांसाठी, आणि ज्यांचा दोन-तीन वर्षं नीट सराव झालाय नि आता बिल्डिंगमधले काका-काकू "आम्हालाही शिकव ना गं" म्हणून मागे लागलेत त्यांच्यासाठी.

आधी सामान. विटा, पट्टे, दोऱ्या, खुर्च्या वापरून आसनं करायची पद्धत अय्यंगारांनी पुण्यातूनच जगभर नेली, पण घरी सुरू करायला ह्यातलं काहीच विकत आणायला नको. पट्ट्याच्या जागी ओढणी किंवा पंचा चालतो, बोल्स्टरच्या जागी आपला दिवाणावरचा लोड, दोन जाड ब्लँकेटं, एक भक्कम खुर्ची (प्लास्टिकची नको, ती वाकते पण आणि सरकते पण) आणि एक मोकळी भिंत. मॅट मात्र न घसरणारी घ्या, फरशीवर सतरंजी टाकून उभ्याची आसनं केली तर पाय दोन दिशांना जातात.

पोटभर जेवल्यावर तीन-चार तास थांबा. सकाळी अंग आखडलेलं असतं, संध्याकाळी मोकळं असतं पण डोकं थकलेलं असतं, त्यामुळे वेळ कुठलीही धरा पण रोजची धरा. रोज वीस मिनिटं केलेली रविवारच्या दीड तासापेक्षा जास्त लागू पडतात.

सुरुवात ताडासनाने. लोकांना वाटतं नुसतं उभं राहायचंय त्यात काय, पण जरा खाली बघा, वजन बहुतेक एका पायावर जास्त असतं, आणि टू-व्हीलर चालवणाऱ्यांचे खांदे पुढे आलेले असतात. टाच आणि अंगठ्याखालचा उंचवटा दोन्ही सारखे दाबा, मांड्या वर ओढा, खांदे मागे-खाली, हनुवटी वर नको, श्वास चालू. मग स्वयंपाकाच्या ओट्याला दोन्ही हात टेकून मागे चालत जा, कंबरेतून वाका, पाठ सपाट. दिवसभर लॅपटॉपपुढे बसणाऱ्याला ह्या एका गोष्टीने जो आराम मिळतो तो पटकन कशाने मिळत नाही. त्यानंतर त्रिकोणासन, म्हणजे पाय लांब ठेवून कंबरेतून बाजूला वाकायचं, हात जमिनीपर्यंत न्यायचा हट्ट नको, खुर्चीवर ठेवा. मग भिंतीला पाय वर करून पाच मिनिटं, आणि शेवटी शवासन, ते वेळ नाही म्हणून कापायचं नाही.

आता मनाचं. रोज एकच क्रम रेटायचा नाही, आधी स्वतःला बघायचं की आज कसं आहे. चिडचिड असेल, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून डोकं तापवून आला असाल तर पुढे वाकण्याची आसनं घ्या, पण कपाळ कशावर तरी टेकलेलं पाहिजे, लोडावर नाहीतर खुर्चीच्या सीटवर ब्लँकेट ठेवून, आणि श्वास सोडताना जरा जास्त वेळ घ्या. सावकाश लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके खरंच संथ होतात. उलट मरगळ असेल, काहीच करावंसं वाटत नसेल, तर पुढे वाकून बसू नका, उभ्याची आसनं करा आणि लोड पाठीखाली घेऊन छाती उघडा. उदास असताना डोळे मिटून लांबलचक शवासन केलं की विचारच जास्त येतात, त्या दिवशी ते छोटं ठेवा, डोळे उघडे चालतील. डॉक्टरांच्या गोळ्या मात्र योगाच्या भरवशावर बंद करू नका, बीपीच्या असोत की डिप्रेशनच्या.

शिकवायचं असेल तर पहिल्या दिवशी आसन नाही, चौकशी. बीपी, काचबिंदू, स्लिप डिस्क, हर्निया, नुकतं ऑपरेशन, गरोदरपण, सगळं एकेकट्याला बाजूला घेऊन विचारा, चारचौघांत कोणी खरं सांगत नाही. बीपी किंवा काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं नकोत, कपालभातीही नको, आणि स्लिप डिस्कवाल्याला पुढे वाकायला लावू नका. गरोदर बाईला डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच देऊ नका.

मग करून दाखवा. अय्यंगार पुण्यात आले तेव्हा त्यांना मराठी येत नव्हतं, तरी शिकवलंच ना. समोर तोंड करून उभे असाल तर "उजवा पाय" म्हणताना तुमचा डावा हलवा, नाहीतर अर्धी बॅच गोंधळते. वाक्यं छोटी. "टाच दाबा", "गुडघा सरळ". ऊर्जा बिर्जा नंतर. एकदा दाखवून झालं की स्वतः करत बसू नका, फिरा आणि बघा, पायापासून वर. बोटं मॅटला आवळून धरलीत का? जबडा घट्ट? मानेची शीर फुगलीय आणि चेहरा लाल, म्हणजे श्वास कोंडलाय, आसन कितीही छान दिसत असलं तरी त्यांना परत आणा. प्रत्येक बॅचमध्ये एक काका असतात जे शेजारच्यापेक्षा जास्त वाकायचं म्हणून वाकतात, त्यांना भिंतीजवळची जागा द्या. स्नायू ताणल्यासारखं वाटलं तर ठीक, पण गुडघ्यात किंवा कंबरेत कळ आली की लगेच थांबवायचं. हात लावून सुधारायचं असेल तर आधी विचारा.

शवासनात कोणाची हनुवटी छताकडे गेलेली दिसली तर डोक्याखाली ब्लँकेटची घडी सरकवा. तिथे कधी कोणाला रडू येतं, तेव्हा सगळ्यांसमोर "काय झालं?" नको, बाकीच्यांचं चालू ठेवा आणि नंतर त्यांना बाजूला घेऊन बोला. पुन्हा पुन्हा होत असेल तर समुपदेशकाकडे पाठवा, ते आपलं काम नाही. उठताना सगळ्यांना उजव्या कुशीवर वळवून मगच बसवा.

हॉलसाठी सेक्रेटरींना आधीच विचारून ठेवा, पुण्यात एवढ्याशा गोष्टीवरही दोन तासांची मीटिंग होऊ शकते. पुढे फी घेऊन नियमित क्लास घ्यायचा विचार असेल तर एखाद्या जाणत्या शिक्षकाच्या हाताखाली काही वर्षं काढा, आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाच्या परीक्षाही आहेत, त्या देऊन टाका.