नवीन प्रजाती म्हणण्याआधी अळ्या वाढवून पाहा

एमएस्सीला असताना माझ्या पेटीत दोन फुलपाखरं शेजारी-शेजारी टोचलेली होती. जुलैत पकडलेल्याच्या पंखांखाली डोळ्यांसारखे ठसठशीत ठिपके. जानेवारीतलं हुबेहूब वाळकं पान, पुढच्या पंखाचं टोकही आकडीसारखं वळलेलं. मी खुशाल दोन प्रजातींची लेबलं लावली. मॅडमनी पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "अंडी मिळव, अळ्या वाढव, मग बोलू."

पावसाळ्यात एकाच मादीची अंडी मिळाली. अर्ध्या अळ्या उबेत ठेवल्या, अर्ध्या गार खोलीत. खायला सगळ्यांना भाताची पाती. उबेतल्यांच्या पंखांवर डोळे उमटले, गारव्यातली फुलपाखरं पानासारखी निघाली. एका आईची लेकरं! दोन्ही इव्हनिंग ब्राऊन या एकाच प्रजातीची होती. तो दिवस मी विसरलेले नाही.

कीटकांच्या अभ्यासात येणाऱ्यांनी म्हणूनच आधी हे विचारावं: रूपातला फरक वाढताना आला की आईबापांकडून आला?

दुसऱ्या प्रकारचं, म्हणजे आईबापांकडून आलेल्या फरकाचं, माझं आवडतं उदाहरण फ्लोरिडातल्या सोपबेरी बगचं. हा किडा फळात सोंड खुपसून बी शोषतो. तिथली मूळची वेल आपल्या कपाळफोडीची सख्खी बहीण, फळ फुग्यासारखं आणि बी मधोमध. तिथवर पोचायला माद्यांची सोंड सुमारे ९ मिमी लांब. विसाव्या शतकाच्या मध्यापासून बागांत तैवानचं गोल्डनरेन झाड लागलं. त्याची फळं चपटी, बी जवळ. त्या झाडावरच्या माद्यांची सोंड ७ मिमीच्या आत आली. स्कॉट कॅरल आणि क्रिस्टिन बॉइड यांनी १९९२ मध्ये संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांवरून हे दाखवलं. पुढे पिल्लांना झाडं बदलून वाढवलं, तरी फरक टिकला. म्हणजे तो रक्तातला. तरीही हे किडे अजून एकाच प्रजातीत गणले जातात; दोन्हीकडचे नर-माद्या एकमेकांशी जुगतात की टाळतात, हे पाहिल्याशिवाय प्रजाती फुटली असं म्हणता येत नाही.

मोजताना नर-माद्या वेगळ्या ठेवा. सोंडेबरोबर शरीराची लांबीही घ्या, नाहीतर नुसता मोठा किडा लांब सोंडेचा वाटतो. प्रत्येक नमुना दोनदा मोजा, दुसऱ्यांदा लेबल झाकून. लेबलावर तारखेइतकंच झाडाचं नाव महत्त्वाचं. संरक्षित जंगलात वन विभागाच्या परवानगीशिवाय जाळी उघडू नका.

आणि संशोधनाचा आराखडा देताना अळ्यांचे दिवस आधीच धरा. दिवाळीच्या सुट्टीतही त्यांना रोज ताजी पाती लागते.