खडूस नायिकेची पटकथा, सांगलीत घडणारी

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. 12 पानांत आटपा. पहिल्या दोन पानांतच बाईला ठोस काहीतरी हवं असू द्या: पंचवीस वर्षांपूर्वीच्या भांडणाबद्दल वर्गमैत्रिणीनं माफी मागावी, एवढंच. खडूसपणा कृतीतून दाखवा. भडंगातले शेंगदाणे वेचून खाते आणि उरलेली पुडी यजमानीणबाईंना भेट देते.

घोळ होतो सातव्या-आठव्या पानावर. लेखकाला दया येते, तो तिला रडवतो, बालपणीचं दुःख सांगायला लावतो. विनोद तिथंच मरतो. त्याऐवजी तिची आठवणच खोटी ठरवा: माफी तिनंच मागायची होती. आयर्विन पुलावर मात्र संवाद ठेवू नका, वारा माईकमध्ये घुसतो. तिथं नुसतं चालू द्या.

शेवटी ती एसटीत बसते. पुडी परत मागून.