पीएसए वाढलेला आला तर: प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या तपासात रक्त आणि लघवीच्या चाचण्या कशा वापराव्यात

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन आहे. वीर्य पातळ ठेवणे हे त्याचे काम असून, त्यातला थोडासा अंश रक्तात उतरतो आणि तोच प्रयोगशाळेत मोजला जातो. निरोगी ग्रंथीही पीएसए तयार करते. त्यामुळे वयोमानाने ग्रंथी वाढली, तिला सूज आली किंवा जंतुसंसर्ग झाला, तरीही आकडा चढतो. अहवाल हातात आल्याबरोबर माणसाची झोप उडते, म्हणून हे आधीच समजून घेतलेले बरे.

चाचणी करावी की नाही, हा पहिला प्रश्न. कोणतीही तक्रार नसलेल्या पुरुषाने साधारण ५५ ते ६९ या वयात डॉक्टरांशी फायद्यातोट्याची चर्चा करून तो निर्णय घ्यावा. वडिलांना किंवा भावाला हा कर्करोग झालेला असेल किंवा घराण्यात बीआरसीए२ या जनुकातील दोष असेल, तर ही चर्चा चाळिशीतच करावी. लघवीतून रक्त जात असेल किंवा लघवी अडत असेल, तर मात्र चाचण्यांचा विचार करत न बसता थेट मूत्ररोगतज्ज्ञांकडे जावे.

रक्त देण्यापूर्वीचे दोन दिवस वीर्यस्खलन आणि सायकलवरची लांब रपेट टाळावी. लघवीचा संसर्ग नुकताच झाला असेल, तर उपचार संपल्यावर किमान सहा आठवडे थांबावे. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही औषधे सहा महिने ते वर्षभर घेतल्यावर पीएसए जवळपास निम्म्यावर येतो. केस गळू नयेत म्हणून फिनास्टेराइड घेणारे अनेक जण ही गोष्ट डॉक्टरांना सांगायची विसरतात, परिणामी २.५ हा निर्धोक वाटणारा आकडा प्रत्यक्षात ५ च्या बरोबरीचा असू शकतो.

पूर्वीपासून ४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही मर्यादा धरली जाते, परंतु ती लक्ष्मणरेषा नव्हे. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यात पीएसए कधीही ४ च्या वर न गेलेल्या पुरुषांची बायोप्सी (सुईने ग्रंथीचे छोटे तुकडे काढून केलेली तपासणी) केली असता सुमारे १५ टक्के जणांमध्ये कर्करोग आढळला. उलट, ४ ते १० च्या दरम्यान पीएसए असलेल्या चार पुरुषांपैकी साधारण तिघांच्या बायोप्सीत कर्करोग सापडत नाही. म्हणून वाढलेला आकडा आला, तर काही आठवड्यांनी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत चाचणी पुन्हा करावी. पुष्कळदा तो आपोआप उतरलेला दिसतो. एका अहवालावर बायोप्सीची तारीख ठरवण्याची घाई मला योग्य वाटत नाही.

आकडा दुसऱ्यांदाही ४ ते १० च्या पट्ट्यात आला, तर त्याच रक्तातून मुक्त पीएसए मोजून घ्यावा. रक्तातील काही पीएसए इतर प्रथिनांना चिकटलेला असतो आणि काही मोकळा फिरतो. कर्करोगात हा मोकळा वाटा सहसा कमी होतो. एकूण पीएसए ६ आणि मुक्त ०.६, म्हणजे प्रमाण १० टक्के. येथे शंका बळावते. तोच मुक्त पीएसए १.६ असेल, तर प्रमाण २५ टक्क्यांच्या वर जाते आणि शक्यता बरीच घटते. सोनोग्राफी किंवा एमआरआयमधून ग्रंथीचे आकारमान कळले असेल, तर पीएसएला त्याने भागून पाहावे. ६० घनसेंटिमीटरच्या ग्रंथीत ६ हा पीएसए ०.१० घनता दाखवतो, तर ३० च्या ग्रंथीत तोच ०.२० होतो. ०.१५ च्या वरची घनता गांभीर्याने घेतली जाते. एवढा साधा भागाकार इतके सांगून जातो, तरी तो अनेक अहवालांत केलेलाच नसतो.

याच्या पुढची रक्तचाचणी म्हणजे प्रोस्टेट हेल्थ इंडेक्स, ज्यात एकूण पीएसए, मुक्त पीएसए आणि प्रोपीएसएचा (पीएसएच्या पूर्वरूपाचा) एक प्रकार यांचे गणित मांडलेले असते. फोरकेस्कोअर ही चाचणी चार संबंधित प्रथिनांना वय आणि तपासणीतील निष्कर्षांची जोड देते.

लघवीच्या चाचण्यांचे तत्त्व वेगळे आहे. ग्रंथीतून सुटलेल्या पेशी आणि आरएनएचे (जनुकांचा संदेश वाहणाऱ्या रेणूंचे) तुकडे लघवीत येतात, आणि कर्करोगाच्या पेशींत पीसीए३ हा आरएनए फार मोठ्या प्रमाणात तयार होतो. पीसीए३ चाचणीसाठी डॉक्टर गुदमार्गातून ग्रंथी बोटाने दाबतात आणि त्यानंतर लगेच लघवीची पहिली धार, सुमारे २० ते ३० मिलिलिटर, गोळा करतात. संसर्गाच्या तपासणीसाठी मधली धार द्यायची आपल्याला सवय असते; येथे तसे केले, तर नेमका हवा असलेला भाग वाया जातो. एक्झोसोमवर, म्हणजे पेशींतून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांवर, आधारित चाचणीत ग्रंथी दाबावी लागत नाही, परंतु धार पहिलीच लागते.

या सर्व चाचण्या शक्यता सांगतात. निदान बायोप्सीच करते. म्हणून निकाल घेऊन डॉक्टरांकडे जाताना ‘मला कर्करोग आहे का’ याऐवजी ‘उपचार करावा लागेल असा कर्करोग असण्याची शक्यता किती, आणि बायोप्सीआधी एमआरआय करावा का’ असे विचारावे. बायोप्सीत सर्वांत खालच्या श्रेणीचा कर्करोग निघाला, तर बहुतेकदा शस्त्रक्रिया न करता देखरेख ठेवली जाते. त्या देखरेखीत पीएसए ठरावीक काळाने मोजत राहावा लागतो, म्हणून पहिल्या अहवालापासूनचे सर्व आकडे, तारखा, प्रयोगशाळेचे नाव आणि त्या वेळी चालू असलेली औषधे एकाच वहीत लिहून ठेवावीत.