पूर येण्याआधी आपल्या गल्लीचा फूट माहीत करून ठेवा
सांगली-कोल्हापूरवाल्यांनो, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला इशारा पातळी 40 फूट आणि धोका 45, कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला 39 आणि 43, हे पाठ असेलच, पण तिथली पातळी नेमकी किती फूट झाली की आपल्या दारात पाणी येतं ते 2019 चा पूर बघितलेल्या शेजाऱ्यांना विचारून भिंतीवर पेनाने लिहून ठेवा, आणि त्याच्या तीन-चार फूट आधीच हलायचं, रात्रीची वाट बघायची नाही. निघताना मेन स्विच बंद, सिलेंडरचा रेग्युलेटर काढून सिलेंडर खिडकीच्या गजाला बांधा (रिकामा तर हमखास तरंगतो). कागदपत्रं, गोळ्या, चार्जर एकाच जाड प्लास्टिक पिशवीत. जनावरं मात्र सगळ्यात आधी हलवा, पाणी चढल्यावर म्हैस बोटीत चढत नाही. जिल्हा कंट्रोल रूमचा नंबर 1077, सेव्ह करा.